ताट, पाट, काठ

"पाट," बाबा म्हणाले.

शब्द होता 'ताट'. मी वहीत फुली मारली आणि पुढचा शब्द वाजू दिला. बाबा माजघरात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. माझ्या चेहऱ्यावरून बरोबर की चूक ते त्यांना कळू नये, म्हणून तसं बसायचं ठरलं होतं. डाव्या कानात फोमचं बूच, उजव्या कानामागे श्रवणयंत्र. त्यांच्यापासून एक मीटरवर, जमिनीवर खडूने केलेल्या खुणेवर स्टूल आणि स्टुलावर छोटा स्पीकर. त्यातून माझाच रेकॉर्ड केलेला आवाज येत होता आणि त्याच्या मागे मालवणच्या जेटीवरचा मासळीचा लिलाव. 'काठ.' बाबा जरा थांबले. "गाठ?" पुन्हा फुली. 'साप.' "साप." बरोबर. पंचवीस शब्द संपले तेव्हा चौदा बरोबर आले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही. बारा संध्याकाळी पूर्ण होईपर्यंत आकडा कोणालाच सांगायचा नाही, असं आमचं ठरलं होतं.

बाबा तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होते. होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वर असतो, वारा खातो, पाण्याचा रंग बघतो. ड्रायव्हर खाली, डिझेलच्या धुरात, इंजिनाशेजारी. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. समुद्रात कोण मोजायला येतो? होडी बंदरात लागली की बाबा दोन-दोन दिवस मोठ्याने बोलायचे. आम्हां मुलांना वाटायचं की ते रागावलेत. त्या तीस वर्षांत त्यांचे कान एकदाही कुणी तपासले नाहीत.

अशा आवाजाने कान सगळीकडून सारखा जात नाही. ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो, मग तो रुंदावत जातो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. त, प, क, स, श ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि नाजूक. त्यामुळे बाबांना शब्दाचं पोट ऐकू येतं, डोकं ऐकू येत नाही. 'आट' पोचतं, ते ताट होतं की पाट, ते अंदाजाने भरायचं. स्वयंपाकघरात बसलं की ताट, अंगणात बसलं की काठ. कित्येक वर्षं त्यांनी असा अंदाजावर संसार केला आणि आम्हांला पत्ताही लागू दिला नाही.

पत्ता लागला तो गेल्या वर्षीच्या श्रावणात. एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे फोन उजव्या कानाला लावला आणि फोन बिघडलाय म्हणून ठेवून दिला. थोड्या वेळाने आईला म्हणाले, "गो, माका उजव्या कानान आयकाक येणा नाय." मळ असेल असं सगळ्यांनाच वाटलं. आत्याने खोबरेल तेलात लसूण कढवून ते कोमट तेल कानात घातलं. तिच्या हातात माया आहे, आमच्या घरातली अर्धी दुखणी तिने काढली आहेत. पण यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून घरी आले आणि आम्ही कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी ट्युनिंग फोर्क वाजवून बाबांच्या कपाळावर टेकवला. "आवाज कुठे येतोय?" बाबांनी डाव्या कानाकडे बोट दाखवलं. मळाने किंवा पाण्याने कान बंद असता तर आवाज बंद कानात जास्त वाजला असता. तो चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे बिघाड आतल्या कानात किंवा नसेत होता. तीन दिवसांच्या आत, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा जास्त ऐकू येणं कमी झालं तर त्याला आकस्मिक बधिरत्व म्हणतात. आधीचा ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा किती हळू आवाज ऐकू येतो त्याचा आलेख) नसेल तर, आमच्याकडे नव्हताच, दुसऱ्या कानाशी तुलना करतात. ही तातडीची बाब असते. कान अचानक बंद झाला तर तेल घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा लेख वाचून एखाद्या घरातले दोन दिवस वाचले तरी मला पुष्कळ आहे.

बाबांच्या उजव्या कानाची सरासरी तेव्हा ६९ डेसिबल आली; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज साखर तपासायची, मग डोस उतरवत न्यायचा. दोन आठवड्यांनी ४८. सहा आठवड्यांनी ३९.

घरात आनंद झाला आणि त्या आनंदाबरोबर एक प्रश्नही आला. गुण कशाने आला? भाऊ म्हणाला, गोळ्यांनी. आत्या म्हणाली, आधी तेल गेलं होतं म्हणून गोळी लागू पडली. आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं, तिने काहीच म्हटलं नाही, फक्त नारळ ठेवून आली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा माझ्याकडे उत्तर असणार असं त्यांना वाटलं.

माझ्याकडे होतं ते असं. १९८० साली अमेरिकेत विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांना गटांत वाटून काहींना स्टेरॉइड दिलं, काहींना हुबेहूब दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. स्टेरॉइडवाल्यांत १०० मागे ६१ जण सुधारले आणि निरुपयोगी गोळीवाल्यांत ३२. नंतरच्या चाचण्यांमधून इतकं स्वच्छ उत्तर मिळालेलं नाही, तरी लवकर गेलं तर डॉक्टर आजही स्टेरॉइड देतात, कारण वाचवायला दुसरं फारसं काही हातात नसतं. मला मात्र त्या ३२ वर बोट ठेवायचंय. काहीही न करता सुधारणारे पुष्कळ असतात. म्हणजे स्टेरॉइड घेऊन बरे झालेल्या ६१ जणांमधले साधारण अर्धे तसेही बरे झाले असते. ते अर्धे कोण, ते त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. बाबा त्यांतले की उरलेल्यांतले?

हे कधीच कळणार नाही. बाबांचा कान एकदाच गेला, एकदाच परत आला. गोळी न घेतलेले बाबा शेजारच्या वाडीत राहत असते तर त्यांच्याशी ताडून बघता आलं असतं. आत्याला मी तेवढंच सांगितलं, की तेलाने आलं की गोळीने, हे एका माणसाच्या एका दुखण्यावरून सांगता येत नाही, मलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. तिला राग आला नाही. "मग डॉक्टर काय बघून देतत?" तिने विचारलं. पुष्कळ माणसांची सरासरी बघून देतात, मी म्हटलं. एका माणसाबद्दल काही कळत नाही, तेव्हा सरासरीचा आधार घेणं हेच शहाणपणाचं असतं.

तिसऱ्या महिन्यात उजव्या कानाची सरासरी ४३ आली. ३९ चे ४३. घरात पुन्हा काळजी. आईने गोळ्या परत सुरू करायच्या का विचारलं.

ऑडिओग्राम कसा काढतात ते मी त्या दिवशी काचेपलीकडून नीट बघितलं. बाबा छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसले, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम आवाज १० डेसिबलने उतरवत नेत, ऐकू येईनासा झाला की ५ ने चढवत. चढवताना ज्या सगळ्यांत खालच्या पायरीवर निम्म्या वेळा तरी बटण दाबलं जाईल, तो त्या फ्रिक्वेन्सीचा आकडा. म्हणजे मोजपट्टीची सगळ्यांत बारीक खूणच ५ डेसिबलची. उंबरठ्यावरचा आवाज असा असतो की आला की नाही, हे ऐकणाऱ्यालाच नक्की कळत नाही. झोप कमी झालेली असते, एस.टी.त दोन तास गेलेले असतात, कानात स्वतःची सूं सूं चालू असते. तोच माणूस, तोच कान, तासाभराने मोजला तरी पाचाचा फरक पडतो. शिवाय दोन्ही कानांच्या सहा-सहा फ्रिक्वेन्सी मोजल्या की बारा आकडे झाले. त्या बारांतला एखादा नुसत्या योगायोगाने १० ने हलला तर नवल नाही. कानाला अपाय करणारी औषधं चालू असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या वाक्-श्रवण संघटनेने १९९४ साली नियम केला, तो याच कारणाने सावध आहे: एका फ्रिक्वेन्सीवर २० डेसिबल, किंवा लागून असलेल्या दोन फ्रिक्वेन्सींवर १०, आणि तेही पुन्हा मोजून पक्कं झालं, तरच बदल झाला म्हणायचं.

आईला मी एवढंच सांगितलं, हा चाराचा फरक म्हणजे मोजणीतला नुसता हेलकावा आहे. पुढच्या महिन्यात ४० आले.

या हेलकाव्याचा विचार करताना मला पां. वा. सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, रोमला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम केलेले आणि मग पुण्याला परतलेले. माणसाला रोज किती उष्मांक लागतात, या प्रश्नात त्यांनी एक गोष्ट लावून धरली: तोच निरोगी माणूस, तेच काम, तरी त्याचं खाणं आणि खर्च होणं दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होत राहतं, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या आकड्यावरून तो कुपोषित ठरवू नये. त्यांच्या निष्कर्षांवर मोठे वाद झाले आणि त्या वादांत इथे शिरायची गरज नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची नजर. माणसा-माणसांतला फरक सगळेच बघतात. एकाच माणसाच्या आतला फरक बघायला त्या माणसाजवळ बसावं लागतं.

कान स्थिर झाल्यावर यंत्राचा विषय निघाला. एका मोठ्या शहरातल्या दुकानात भावाने वेळ घेतली होती. दुपारी दोनची वेळ, पहाटे निघालेले बाबा, उन्हाचा प्रवास. पोचल्या पोचल्या साधं यंत्र लावून पंचवीस शब्दांची चाचणी झाली: १३ बरोबर, म्हणजे ५२ टक्के. मग चहा झाला, गप्पा झाल्या, आणि "आता हे आमचं सगळ्यांत नवीन मॉडेल" असं सांगून दुसरं यंत्र लावलं. तीच पंचवीस शब्दांची यादी. १७ बरोबर, ६८ टक्के. "बघा, सोळा टक्के सुधारणा!" कागदावर दोन आकडे लिहून, मधे वर जाणारा बाण काढून तो कागद भावाच्या हातात दिला. किंमत साध्याच्या दुपटीहून जास्त. त्या वरच्या पैशांत आमच्या छपराचे नळे परतून झाले असते, वर कोनवाश्यांचं लाकूडही आलं असतं.

भावाने तो कागद मला दाखवला तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. १३ खरे होते, १७ ही खरे होते. पण त्या बाणाच्या भरवशावर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर आपली शिल्लक मोडणार होता, आणि तो बाण हवेत होता.

एक नाणं घ्या आणि पंचवीस वेळा उडवा. साडेबारा छापे येतील ही सरासरी झाली. प्रत्यक्षात शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ८ ते १७ यांतलं काहीही येईल. नाणं तेच, हात तोच. निम्मे शब्द ओळखणारा कान हा जवळजवळ असाच असतो. प्रत्येक शब्द एक उडवलेलं नाणं. १९७८ साली थॉर्नटन आणि रॅफिन या दोघांनी शब्दचाचणीकडे असं बघितलं आणि एकाच माणसाचे दोन निकाल खरोखर वेगळे म्हणायला किती फरक लागतो, त्याचे तक्ते करून दिले. हिशेब कोणालाही करता येतो. पंचवीस शब्द, निम्मे बरोबर, तर दोन निकालांमधला नुसता योगायोगाचा फरक ७ शब्दांपर्यंत सहज जातो, म्हणजे २८ टक्के. पन्नास शब्दांची यादी घेतली तर २० टक्के. शंभर शब्दांची घेतली तर १४. तोच १६ टक्क्यांचा फरक शंभर शब्दांवर मिळाला असता तर मी कान टवकारले असते. पंचवीस शब्दांवर तो म्हणजे दुपारची झोप आणि चहा. (काही शब्द सोपे, काही अवघड असतात, त्यामुळे खरा हेलकावा या हिशेबापेक्षा किंचित कमी निघतो. पण किंचितच.) ज्याला ९० टक्के शब्द कळतात त्याचा हेलकावा लहान असतो, ज्याला निम्मे कळतात त्याचा सगळ्यांत मोठा. म्हणजे ज्याला यंत्राची खरी गरज आहे, त्याच माणसाच्या बाबतीत छोट्या चाचणीवर विश्वास ठेवायला सगळ्यांत कमी जागा आहे.

आणि "सगळ्यांत नवीन मॉडेल" हे शब्द? मँचेस्टरमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अगदी एकसारखी यंत्रं, एकाला 'नवं' म्हणून सांगितलं, एकाला 'नेहमीचं'. 'नव्या'ने लोकांना गोंगाटात शब्दही थोडे जास्त कळले आणि बहुतेकांना आवडलंही तेच. कान मन लावून ऐकतो तेव्हा खरंच थोडं जास्त ऐकतो. त्यात फसवणूक नाही. पण ते थोडं जास्त त्या चिपचं नसतं, त्याचे पैसे चिपला देऊ नयेत.

मी हे सगळं बाबांना पाटावर बसून समजावलं. फोनवर बोलून त्यांना कळलं नसतं, म्हणून घरी आले होते. त्यांनी दोन्ही आकडे बघितले, कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एका जाळ्यावरसून जागा ठरवूची नाय." मग त्यांनी मला सांगितलं की नवीन पाण्यात गेल्यावर पहिल्या जाळ्याला भरपूर पापलेट लागलं तरी तांडेल खूश होत नाही. पुन्हा मारायचं, भरतीला एकदा, सुकतीला एकदा, रात्री एकदा. सुरमईचा एखादा थवा वाट चुकून येतो आणि जाळं भरून जातो, म्हणून ती जागा चांगली ठरत नाही. आणि पहिलं जाळं रिकामं आलं म्हणून जागा वाईटही ठरत नाही. मी वर्गात जे तीन तासिका शिकवते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. बाबांना संख्याशास्त्र येत होतं. त्यांच्यापाशी फक्त चिन्हं नव्हती.

मग आम्ही ठरवलं, पुन्हा पुन्हा जाळं मारून बघायचं.

एकाच रुग्णावर अशी शिस्तीत चाचणी घेता येते, हे डॉक्टरांनी मनावर घेतलं ते १९८६ च्या सुमारास. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या एका रुग्णाला आळीपाळीने थिओफिलिन हे औषध आणि निरुपयोगी गोळी दिली, कधी कोणती ते चिठ्ठीवर ठरवून, रुग्णाला न सांगता. त्याला थिओफिलिन नसताना जास्त बरं वाटत होतं, हे त्यातून उघड झालं आणि औषध थांबवलं. स्टेरॉइडच्या बाबतीत मी जे करू शकत नव्हते ते यंत्राच्या बाबतीत करता येणार होतं, कारण यंत्र काढता येतं, घालता येतं, आणि कान तोच राहतो. शेजारच्या वाडीतले दुसरे बाबा आता मिळणार होते: उद्याचे बाबा.

कुडाळच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी एकाच कंपनीची दोन यंत्रं ट्रायलवर दिली, एक साधं आणि एक तेच महागडं. बाहेरचं कवच दोन्हींचं एकच, चिप वेगळी. दोन्ही त्यांनी बाबांच्या ऑडिओग्रामवर बसवून दिली. आईने महागड्याच्या पोटाला नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावला. रोज संध्याकाळी भाऊ आतल्या खोलीत जाई. दोन-दोन संध्याकाळींची जोडी, आधी कोणतं ते नाणं ठरवणार. कानातला साचा एकच होता, त्याची नळी काढून त्या दिवशीच्या यंत्राला जोडायची. मग तो यंत्र मुठीत झाकून आणी, मुठीत ते बारीक शिट्टी घालत असे, आणि बाबांच्या कानामागे बसवी. कोणतं लावलं ते त्याच्या डायरीत. मला माहीत नाही, बाबांना माहीत नाही. शब्द मी आधीच रेकॉर्ड केले होते, कारण रोज तोंडाने वाचले असते तर माझाही आवाज कधी मायेने चढला असता. यादी पुन्हा वापरायची झाली तर मधे पाच दिवस जाऊ द्यायचे आणि शब्दांचा क्रम बदलायचा.

गोंगाट लिलावाचा घेतला, कारण बाबांना शांततेत ऐकायचं नव्हतं. त्यांना काय हवंय ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: दशावतार. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात, त्यामुळे पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि बाबांचा सगळा संसार तर अंदाजावर चाललेला. मागे पायपेटी, पखवाज, झांज. गेली कित्येक वर्षं ते जत्रेत नाटकाला बसायचे आणि संकासुर काही बोलला की बाकीचे हसल्यावर क्षणभराने हसायचे. मी ते पाहिलं होतं. शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघून हसायचे ते.

बारा संध्याकाळी झाल्यावर मी आणि भावाने दोन वह्या शेजारी ठेवल्या. साधं यंत्र: १६, ११, १४, १७, १२, १३. महागडं: १३, १८, १२, १५, १६, १४. दीडशे शब्दांत ८३ आणि ८८. सहा जोड्यांपैकी तीनदा साधं पुढे, तीनदा महागडं. मी बराच वेळ पहिल्या ओळीकडेच बघत होते. एकच यंत्र, एकच कान, एकच खुर्ची, आणि एका संध्याकाळी ११ तर दुसऱ्या संध्याकाळी १७. सहा शब्दांचा फरक. दुकानातल्या बाणात चारच होते.

त्याआधी सहा संध्याकाळी, दुसऱ्या याद्या घेऊन, आम्ही यंत्राशिवाय मोजलं होतं: ६, १०, ८, ९, ७, ११. दीडशेत ५१. यंत्र नाही हे बाबांना माहीत होतं, तेवढी ती मोजणी कच्ची. तरी त्यांची यंत्राशिवायची सगळ्यांत चांगली संध्याकाळ साध्या यंत्राच्या सगळ्यांत वाईट संध्याकाळीएवढी होती. तिथे तक्ता काढायची गरज पडली नाही. यंत्र बाबांना लागू पडत होतं. बाबांना, बाबांच्या या कानाला, लिलावाच्या या आवाजात.

महागड्याबद्दल मी घरात काळजीपूर्वक बोलले. पाच शब्दांचा फरक म्हणजे जेमतेम ३ टक्के. त्याच्या दोन्ही बाजूंना ११ टक्क्यांचं धुकं. महागडं यंत्र खरं तर १४-१५ टक्क्यांनी चांगलंही असू शकतं, ८ टक्क्यांनी वाईटही. "फरक नाही" असं मला म्हणता येत नव्हतं. "फरक दिसला नाही" एवढंच म्हणता येत होतं. हे धुकं पाचावर आणायचं तर एकेका यंत्राला जवळजवळ पावणेआठशे शब्द लागले असते, म्हणजे दोन महिन्यांच्या संध्याकाळी. भाऊ म्हणाला, करूया. मी बाबांकडे बघितलं. बाराव्या संध्याकाळी शेवटच्या पाच शब्दांना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ऐकणं हे त्यांच्यासाठी कष्टाचं काम आहे, हे त्या बारा दिवसांत मला जितकं कळलं तितकं आधी कधीच कळलं नव्हतं. त्यांचा थकवा कुठल्याच रकान्यात नव्हता.

"माका दोनव सारकीच वाटतत," बाबा म्हणाले. "नळे परतून घेया."

साधं घेतलं.

यंदा मार्गशीर्षात शेजारच्या गावच्या जत्रेला गेलो. देवळाच्या आवारात खाजा-मालवणी शेवेची दुकानं, पेट्रोमॅक्सच्या जागी आता ट्यूबलाइट, बायका गोधड्या अंगावर घेऊन बसलेल्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर पेटी लागली. आम्हांला रंगमंचासमोर दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. संकासुर आला, काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर आलेली लाल जीभ, आणि सूत्रधाराला काहीतरी आडवं बोलला. बाबा हसले. बाकीच्यांबरोबर, त्याच क्षणी. मी शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघितलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे. ते रंगमंचाकडेच बघत होते. पुन्हा एकदा हसले. माझा हात आपोआप पर्सकडे गेला; वही पर्समध्ये होती.

बाबांनी ते पाहिलं. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "ह्या धरू नको गो. आज आपण पुढे बसलव. पुढच्या जत्रेक मागे बसया, मगे बघ."